मोजमाप वही

उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर गेली.
सुताचा फरक बोटाला कळतो,
डोळ्याला नाही.

म्हणून गटाराचं विचारलं.
साध्या कागदावर, दहा रुपयांचं तिकीट लावून :
आमच्या बोळातलं गटार
वहीत किती लांब आहे?

तीस दिवस गेले. वर आणखी बारा.
मग अपील. साहेब म्हणाले,
"नेजदार, तुम्हाला काय करायचंय ओ ह्याचं?"
कारण सांगायची सक्ती
कायद्यात नाही, साहेब.
चहा मागवला होता त्यांनी. साय धरली त्यावर.

शेवटी झेरॉक्स मिळाली.
सात पानं, दोन रुपये पानाला,
चौदाची पावती अजून खिशात आहे.
लांबी : एकशे दहा मीटर. काम पूर्ण.

सांजच्याला टेप काढला.
एक टोक तालमीतल्या पोराकडं दिलं,
दुसरं घेऊन चालत गेलो
परीट मावशीच्या उंबऱ्यापर्यंत.
तिथं गटार संपलं.
चौऱ्याहत्तर.

उरलेले छत्तीसही मोजले,
उघड्या मातीवरून, सांडपाणी चुकवत,
थेट म्हशींच्या गोठ्यापर्यंत.
बायका दारात आल्या.
काय मोजताय रं?
पोरगं टेप न सोडता म्हणालं,
वहीतलं गटार.