परमिट

शोरूमच्या पोरानं आधी माझ्या मागं बघितलं,
मग दाराकडं.
"दादा येऊ लागलेत का?"
म्हणलं, कोणते दादा?
गाडी मला पाहिजे. ती. कोपऱ्यातली, काळी.

"ताई, साडेसहाशेची आहे ती.
याच्या आधी कोणती चालवायच्या?"
कोणतीच नाही.
भावाच्या लुनावर मागं बसले,
ऑफिसच्या पिकअपमध्ये शिडीशेजारी बसले,
नऊ वर्षं नुसती बसतच आले.

वाजेद मिस्त्री फोनवर हसला.
"दैवशाला, पहिली गाडी असतीच पडायला.
मग हलकी घे की, उचलायला बरी."
घरी माधवनं लाईटबिलाच्या पाठीवर हिशेब मांडला:
हप्ता अकरा हजार चारशे,
तेवढ्यात गोठ्यावर पत्रे.
शंभरची घे, म्हणाला, मग दीडशेची, मग बघू.

मग बघू.
हे गाव मला एसटीच्या कुठल्याच पाटीवर
अजून दिसलेलं नाही.

बोर्डानं तरी मला कुठं
बॅटरीच्या सेलपासून सुरू केलं होतं?
पहिल्याच दिवशी जिंतूर फाट्याला
अकरा केव्हीच्या खाली उभं केलं.
दस्तगीर उस्ताद म्हणाले,
ही भुंकत नाही, शिंगं हलवत नाही,
म्हणून विचारायचं.
सबस्टेशनला फोन लाव, परमिट घे,
रॉड टाक, मग हात.
आमच्यातला जो गेला
तो घरातल्या दोनशे तीसवर गेला,
चेष्टा करता करता, ओल्या चपलेत.

तर घेतली.
आणि पडले.
वेगात नाही, रस्त्यावर नाही,
शोरूमच्या दारात, चावी फिरवायच्या आधी.
स्टँड काढला, डावा पाय खडीवरून सरकला
आणि दोनशे दहा किलो
लग्नात मामा खुर्चीत बसतो तसे
सावकाश जमिनीवर बसले.
आरसा गेला. लिव्हर वाकला.
फोटोसाठी हार घेऊन आलेला पोरगा
हार घेऊनच धावला.
म्हणलं, हात लावू नको.
पाठ टेकवली सीटला, हँडल मागून धरलं,
कमरेला विचारलं नाही, मांड्यांना सांगितलं.
खांब असेच उभे करतो आम्ही.

अकरा दिवस सेलूच्या बंद जिनिंगमध्ये.
सीझन संपलेला, तारेच्या जाळीला
कापसाचे पुंजके अडकलेले,
चौकीदाराचं कुत्रं माझ्यामागं फिरून फिरून कंटाळलं.
पहिला गिअर. आठचा आकडा. बंद पडली. पुन्हा.
क्लचनं रडवलं मला.
माझ्या कामात असते तरी, नाही तर नसते,
अर्धी चालू अशी लाईन कुणी बघितलीय?
इथं मात्र बोटांच्या पेरांत
एक जागा आहे, ज्वारीच्या दाण्याएवढी,
जिथं गाडी निघालेलीही नसते
आणि थांबलेलीही नसते.
ती जागा सापडली सातव्या दिवशी, सांजच्याला.
आठव्या दिवशी हरवली.

बाराव्या दिवशी पाथरी रस्ता.
पहाटेचे पावणेसहा, शेतं काळी, नांगरलेली,
हेल्मेटच्या आत माझाच श्वास मोठा.
दुसरा गिअर. काटा तिसावर.
मागून टुर्र टुर्र करत
लिंबाजी दूधवाला आला,
दोन कॅन, एक गवताचा भारा, पायात स्लीपर,
आणि तालुक्यातल्या सगळ्यात मोठ्या गाडीला
ओव्हरटेक करून गेला.
वळून बघितलं त्यानं.
"काय झालं बाई? पेट्रोल संपायलंय का?"

नाही रे बाबा.
गुडघ्यांच्या मध्ये
भरल्या लोडच्या डीपीसारखं
काहीतरी गुणगुणत होतं.
मी फोन लावलेला होता.
पलीकडं कुणी
अजून उचलायचं होतं.