दुसऱ्या अंकापासून

नाटकात तो खोकला माझा होता.
मामाचं काम करणारे सखाराम परचुरे
तोंडाला उपरणं लावून नुसते खांदे हलवायचे,
आणि विंगेत, कंदिलाची वात बारीक करून,
वही मांडीवर धरून मी खोकायचो:
दोनदा कोरडा, एकदा ओला,
आणि शेवटचा अर्धा, घशातच राहिलेला.

दुसऱ्या अंकात अंधारात सावकार पेवात ढकलला जाई.
हळदीची धूळ उडे, कोणीतरी खोके. एवढंच.
तिसऱ्या अंकात भर दिवसा मामा खोकला
की आंधळी चिमा मान वर करायची.
"हाच," म्हणायची. "पेवाच्या तोंडाशी हाच होता."
थिएटरात टाचणी पडली तर ऐकू येईल.
मी वहीचं पान उलटायचंही थांबायचो.

मग कोल्हापूरची फिल्लम कंपनी आली.
सत्तर रुपयांत नाटक घेतलं, परचुरेही घेतले,
हरिपुरात खरी पेवं उघडली,
उन्हाला पांढऱ्या चादरी दाखवून आत उजेड पाडला.
मी सदरा बदलून गेलो होतो.
डायरेक्टर म्हणाले, "मास्तर, खोकला दिसत नाही.
अंगठी दिसते."
झालं. अंगठी मुनिमाच्या गल्ल्यात निघाली.
चिमाला डोळे दिले
आणि साक्ष काढून घेतली.
हळदसुद्धा पडद्यावर काळीच दिसली,
कोळशाच्या वखारीसारखी.

नाटक मंडळी तोवर मोडली होती.
शेटे यांचा तंबू कृष्णेच्या वाळूत लागायचा,
एक आण्यात जमिनीवर, तीन आण्यांत बाकावर,
आणि पडद्याशेजारी काठी घेऊन उभा मी,
ज्यांना अक्षर येत नाही त्यांना पाट्या वाचून दाखवायला.
महिना अकरा रुपये.
"रात्रीचे दोन वाजले." वाचलं.
"हाय दैवा! हा काय अनर्थ!" वाचलं.
"मुनीमजी, ही अंगठी कोणाची?" तेही वाचलं,
चोराच्या आवाजात नाही, साहेबाच्याही नाही,
उधारी वाचतात तसं.

चौथ्या रात्री माझं लक्ष गेलं.
प्रेत वर काढताना घोळक्यात मामा उभा आहे,
डोळे पुसतोय,
आणि त्याचे खांदे हलतात.
दोनदा. एकदा. मग अर्धा.
अंगवळणी पडलेलं; परचुरेंनाही कळलं नसेल,
कात्री चालवणाऱ्यालाही नाही.
पडद्यावर तो माणूस माझी वाट बघत होता.

आणि मी खोकलो.

पुढून मलगोंडा हमाल उठला,
गणेशोत्सवात त्यानं नाटक तीनदा बघितलेलं.
"मामा हाय! मुनीम न्हवं, मामा हाय!"
तंबू उसळला. पेटीवाला सूर विसरला.
कुणी पडद्यावर चप्पल फेकली, ती मामाच्या छातीला लागून
मागच्या वाळूत पडली.
पण चित्र कुणाचं ऐकतं?
रिळ फिरत राहिलं,
मुनिमाला फासावर नेलं
आणि मला पाटी वाचावी लागली: "न्याय झाला."

शेट्यांनी चार आणे कापले.
दुसऱ्या दिवशी तिकिटाच्या खिडकीशी लोक विचारत होते,
"मास्तर खोकणार का आज?"
तेव्हा त्यांनी ते चार आणे परत दिले.
बारा दिवस मुनीम पडद्यावर फासावर गेला
आणि वाळूत सुटला.

पुढे बोलपट आले. पाट्या गेल्या, मीही गेलो.
ती रिळं एका फणीवाल्यानं वजनावर नेली म्हणतात.
परचुरे वारले तेव्हा मी मुलीकडे बार्शीला होतो.

परवा मिरजेच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून विचारलं,
"खोकला कधीपासून?"
"दुसऱ्या अंकापासून," म्हटलं.
ते हसले नाहीत, लिहून घेतलं.

बाहेर बाकावर एक म्हातारा बसला होता,
तोंडाला रुमाल, खांदे हलत होते, आवाज नाही.
मी थोडा वेळ त्याच्याशेजारी थांबलो.