द.सा.द.शे.

सातवी ब, तिसरा तास, बिबवेवाडी.
फळ्यावर मुद्दल, दर, मुदत,
आणि पुस्तकातला तो सालस माणूस
जो बँकेकडून दर साल दर शेकडा आठनं पैसे घेतो
आणि वेळेवर फेडतो.

यास्मिन बागवाननं हात वर केला.
"सर, आमच्याकडं साल नसतं."
मग काय असतं?
"दिवस असतो. पहाटे मार्केट यार्डात अम्मी नऊशे घेते,
संध्याकाळी हजार देते.
मधे उरेल ते आमचं."

मी म्हटलं, मांडा.
बत्तीस डोकी वह्यांवर वाकली.
शंभर भागिले नऊशे, गुणिले तीनशे पासष्ट,
शेकड्यात काढा.
चार हजार पंचावन्न टक्के.
आधी वर्ग हसला. कुणी म्हणालं, दशांशचिन्ह चुकलं.
पुन्हा केलं.
नव्हतं चुकलं.

मग शेवटच्या बाकावरून दिगंबर घुले,
ज्याला सतराचा पाढा अजून येत नाही,
"सर, तुम्हाला किती बसतं?"

खरं तर इथं डस्टर आपटायचं असतं.
पगार याही महिन्यात अठरा तारखेला.
खिशात कार्ड. त्याची 'किमान देय रक्कम'
चौदा महिने भरतोय मी,
किमान माणसासारखा.
घरी ठाऊक नाही. स्टाफरूममध्ये तर
भिशीच्या चिठ्ठ्या उचलतो, वडापाव मागवतो,
आणि एकमेकांच्या हप्त्यांबद्दल बोलत नाही
जसं मूळव्याधीबद्दल बोलत नाही.

खडू उचलला. लिहिलं: महिना साडेतीन.
गुणिले बारा.
"बेचाळीस!" अख्खा वर्ग.
आणि मग माझ्याकडं असं बघितलं सगळ्यांनी,
गृहपाठ विसरून आलेल्या पोराकडं
मी बघतो तसं.

यास्मिन मात्र वहीच्या मागच्या पानावर होती.
"सर, रोज दहा बाजूला टाकले
तर नव्वद दिवसांनी नऊशे अम्मीचेच."
घंटा झाली. सरळव्याज संपलं.
पुढचा धडा वर्तुळ.

आज तिची वही तपासायला आली.
मागच्या पानावर तेवीस रेघा, पाच-पाचाच्या जुड्या.
एका जागी रेघ नाही, बारीक अक्षरात
'अब्बू दवाखाना', आणि पुढं परत चालू.
मी सही केली, पान मिटलं.
ती हळूच म्हणाली, "तुमच्या किती झाल्या, सर?"

माझ्या चार.
पाचवी, आडवी,
मारायची राहिली आहे.