अठ्ठावन्न मीटर

वरून माणूस म्हणजे डोकं आणि दोन खांदे.
चेहरा नाहीच. उन्हं तिरपी असली की सावली पडते,
ओळख काय ती तेवढ्यावर:
जिची चाल डावीकडे लचकते तो ‘चार’,
डोईवर भांडं घेतलेली ‘दोन’,
आणि गाढवामागे पळणारी, जेमतेम हातभर,
‘सात’.

इथे नेवाडात, बिनखिडक्यांच्या खोलीत
डोळ्यांत तेल घालून बसतो आम्ही, मी आणि डेन्टन.
तिकडे अझावागच्या माळावर विहीर.
दोराला जुंपलेलं गाढव सरळ चालत जातं,
थांबतं, परत येतं.
वाळूत त्याची वाट उमटलीय: अठ्ठावन्न मीटर.
म्हणजे पाणी तेवढं खोल.
न पाहिलेल्या पाण्याची खोली मी अशी
आडवी मोजली, आणि उगीचच खूश झालो.
घरी सांगता येत नाहीत असल्या गोष्टी.

रात्री फक्त ऊब दिसते.
झोपलेला उठून गेला तरी
वाळूवर त्याचा आकार राहतो, पांढरा,
मग कडेकडेने विझतो.
सात आकार. रोज मोजायचे.

मंगळवारी सहा.

पहाटे ‘चार’ने खणलं, विहिरीपासून लांब.
बाकीचे पुरुष रांगेत उभे, तोंडं पूर्वेला,
पण कुणी वाकलं नाही,
म्हणून ‘नमाज नाही’ असं मीच लिहिलं.
जे खाली ठेवलं त्याला ऊब नव्हती,
ते वाळूच्याच रंगाचं होतं.
यंत्राने लाल चौकट आखली:
संशयास्पद वस्तू पुरली, ब्याऐंशी टक्के.
डेन्टनने लांबी विचारली.
मीटरच्या आत, म्हटलं मी,
आणि पुढचं टाइप होईना.

दुसऱ्या रात्री ‘दोन’ एकटीच आली,
दगडांशेजारी आडवी झाली.
ती गेल्यावर आकार उरला,
एक हात लांब केलेला.
यादीत चारच शब्द आहेत: जेवण, प्रार्थना, हालचाल, आराम.
मी आराम निवडला.

सकाळी गाढव निघालं. मागे कुणी पळालं नाही.
अठ्ठेचाळिसावर थांबलं, दोर ताणलेला.
जनावर अडलंय, डेन्टन म्हणाला.

लाल चौकट अजून तिथेच आहे.
ती पुसायला दोन सह्या लागतात.
माझी झालीय.