सुतळी

चोपड्याच्या वाचनालयात
बाद करायच्या पुस्तकांची यादी करतोय.
शहाऐंशी सालच्या तीन पहिल्या कादंबऱ्या
एकाच सुतळीत.

वायकोळ्यांनी शनीच्या कड्यांवर केळी लावली होती.
पुढे बावीस भाग. घड तेवढेच,
मुखपृष्ठावरचं यान मात्र दरवेळी मोठं.

हेमलता फालकच्या तापीखाली एक शहर होतं,
वेशीवर मासे पहारा देत.
नंतर डी.एड. कॉलेज, बदल्या, निवृत्ती.
सावद्याच्या एका लग्नात मी विचारलंच.
म्हणाली, सांगून झालं होतं हो ते,
आणि पानात जिलबी वाढली.

बाविस्करचा माणूस
भुसावळ यार्डात मालडब्यात झोपतो,
उठतो तर तीनशे वर्षं उलटलेली.
बाविस्करचं दुसरं पुस्तक : तलाठी परीक्षा मार्गदर्शक.
ते अजून खपतं.

त्याच्या कादंबरीचं कार्ड काढलं.
दरवर्षी एक तारीख,
सही एकाच हाताची.
तीन वर्षं कुणी नेलं नाही तर बाद,
हा नियम त्याला कुणी सांगितला?
मार्चात आला होता, डोक्याला उपरणं,
काउंटरशी वाकून : ‘शे का मन्हं?’

यादीतला क्रमांक खोडला.
मग सुतळीच सोडली.
बाकीच्या दोन कार्डांवर
आजची तारीख,
सही माझी.