दोघांचं इंजिन

भाऊच्या धक्क्यावरचा दुकानदार
दोन्ही चालू करून दाखवतो, ड्रमातल्या पाण्यात.
टू-स्ट्रोक खोकतं, निळा धूर ओकतं,
दांडा धरला की कोपरापर्यंत मुंग्या.
फोर-स्ट्रोक नुसतं गुणगुणतं.
काल मोरेश्वरच्या होडीवर चालवलं होतं असलंच:
गर्रकन वळलो
तरी फळीवरचा चहा सांडला नाही.

"पाठ दुखते ना तुझी? मग हेच ने."

दुखते.
पण वेसाव्याला ओहोटीत
इंजिन खांद्यावर घेऊन
गुडघाभर चिखल तुडवायचा असतो.
हे धूड उचलायला दोघं लागतात,
आणि हरेश आता पवईला
लिफ्ट दुरुस्त करतो.

मी पुन्हा धरून बघतो
त्या शांत इंजिनाचा दांडा,
उगाच.
मग विचारतो,
धूरवाल्याला
लिटरमागे तेल किती घालायचं,
जसं काही मला ठाऊकच नाही.