डासाचं कुळ

‘जीन’ला आमच्या भाषेत शब्द नव्हता.
एन्टेबीच्या एका हॉटेलात तीन दिवस बसून आम्ही तो शोधला,
सहा दुभाषे, दोन शिक्षक, एक निवृत्त पाद्री.
‘बी’ म्हणावं तर लोक शेताकडे बघतात.
‘अक्षर’ म्हणावं तर ज्यांना वाचता येत नाही
ते मान खाली घालतात.
शेवटी पाद्रीबाबा चहात बिस्किट बुडवत म्हणाले,
कुळ म्हणा.
फुप्फुसमाशाचं कुळ, पाणमांजराचं कुळ,
बापाकडून येतं, पुसता येत नाही.
टाळ्या पडल्या. शब्द फळ्यावर चढला.
मला तेव्हाच जरा खटकलं होतं,
पण जेवणाची वेळ झाली होती.

आता बेटावर, मासळी सुकवायच्या शेडमध्ये,
चंदेरी मुकेनेचा वास कपड्यांत मुरत असताना
डॉक्टर सेम्वांगा सांगतात, मागोमाग मी सांगते:
या डासाच्या कुळात आम्ही एक बदल केलाय.
एरवी निम्मं आईचं, निम्मं बापाचं.
हा बदल निम्म्यावर थांबत नाही.
जवळजवळ सगळ्या पिलांत उतरतो, मग त्यांच्या पिलांत,
माद्या वांझ होत जातात,
आणि एक दिवस
डॉक्टर मूठ उघडून दाखवतात. रिकामी.

मासळी उलटवणारी नालवोगा बसल्या जागेवरून म्हणाली,
म्हणजे होतील ती सगळी मुलं एकाच बाजूची?
हे तर आम्हाला पाठ आहे.
नऊ महिने माझे, कुळ त्याचं.
एवढ्यासाठी प्रयोगशाळा लागली तुम्हाला?

बायका अशा हसल्या
की पत्र्यावरचे बगळे उडाले.
पाहुणा रासमुस माझ्याकडे वळला, काय म्हणतायत?
मी म्हटलं, समजलं म्हणतायत.

मग होड्या बांधणारा म्हातारा मुक्वाया.
कुळ आहे तर कुळाचा कुणी वडीलधारा असेल.
लग्न असो, जमीन असो, आम्ही आधी त्याला विचारतो.
डासांकडच्या कुणाला विचारलंत?

या वेळी कुणी हसलं नाही.
प्रश्न माझ्याच शब्दातून उगवला होता,
‘बी’ म्हटलं असतं तर उगवला नसता.
इंग्रजीत नेता नेता तो माझ्या हातात
इतका आक्रसला, की डॉक्टरांनी वहीत लिहिलं:
पर्यावरणाविषयी चिंता.

पुन्हा नालवोगा. आता उभी, हाताला खवले.
माझा किग्गुंडू तापानं गेला,
तेव्हा डासानं कुणाला विचारलं नव्हतं.
दवाखान्यात विचारायला माणूसच नव्हतं, कुलूप होतं.
आज तुम्ही आलात, शाईचा पॅड घेऊन.
मी हो म्हणाले, आणि समोरचं बेट नाही म्हणालं,
तर वारा कुणाचं ऐकणार?
मी नको म्हणत नाही.
मला कुणी विचारायची सवय नाही,
तेवढं लिहा.

हे मात्र मी शब्दाला शब्द सांगितलं.
डॉक्टरांचं पेन हललं नाही.
शाईचा पॅड उन्हानं वाळून गेला होता,
रासमुसनं त्यावर बाटलीतलं पाणी ओतलं,
आणि पहिले अंगठे फिकट निळे उठले,
कुठे अर्धे, कुठे नुसती कड.

रात्री जनरेटर बंद. होडी पहाटेची.
मच्छरदाणीत टॉर्च दातांत धरून मी अहवाल भरते.
प्रतिसाद: अनुकूल. प्रतिकूल. अस्पष्ट.
तीन चौकटी, बगळे मावतील एवढी एकही नाही.

जाळीबाहेर कुणीतरी गुणगुणतंय.
मादीच असणार. नर चावत नाहीत,
दुपारी मीच ठासून सांगितलं.
कुणाकडची गं तू, असं तोंडावर आलं होतं,
पण टॉर्च पडला असता.

चौकटी तशाच ठेवून मी समासात लिहिते:
शब्द बदलू नका.
मग पायाच्या अंगठ्याशी जाळीला एक भोक दिसतं,
पेन खाली ठेवून
मी ते चिमटीत धरून बसते.